बंदर अब्बास ते दुबई : अठ्ठावीस मिनिटं

दुबईत सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही क्रीकच्या काठावर जाऊन बसतो. समोर लाकडी होड्यांत फ्रीज, टायर, चहाची खोकी चढत असतात. माल चालला कुठे म्हणून विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर मिळतं, "बंदर अब्बास." इतकं जवळ आहे ते. विमानाने जेमतेम २८ मिनिटं! म्हणजे उडालं नाही तोच उतरायची तयारी.

३ जुलै १९८८ ला इराण एअरची फ्लाइट ६५५ याच मार्गाने निघाली. एअरबस ए-३००, आत २९० माणसं. बहुतेक इराणी, पण दहा भारतीयही होते. लहान मुलं साठाच्या वर. विमान २७ मिनिटं उशिरा, १० वाजून १७ मिनिटांनी उडालं. सात मिनिटांनी 'व्हिन्सेन्स' या अमेरिकन युद्धनौकेने त्यावर दोन क्षेपणास्त्रं सोडली. कोणीही वाचलं नाही.

तेव्हा इराण-इराक युद्ध शेवटच्या टप्प्यात होतं. वर्षभरापूर्वी, मे १९८७ मध्ये, इराकी विमानाने 'स्टार्क' या अमेरिकन जहाजावर क्षेपणास्त्रं डागली होती आणि ३७ खलाशी गेले होते. त्यामुळे आधी वार न करणारा मरतो, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्या सकाळी व्हिन्सेन्सची इराणच्या छोट्या गनबोटींशी चकमक चालू होती, तीही इराणच्या सागरी हद्दीत शिरून. हे शेवटचं अमेरिकेने १९९२ मध्ये कबूल केलं.

आता मी पेशाने कंट्रोल सिस्टिमवाला, म्हणून मला खरा धक्का पुढच्या गोष्टीचा बसला. व्हिन्सेन्सवर 'एजिस' ही त्या काळातली सर्वात आधुनिक यंत्रणा होती आणि ती चुकली नाही! जहाजावरच्या टेप नंतर तपासल्या, तेव्हा त्यांत स्वच्छ दिसलं की विमान वर चढत होतं आणि नागरी विमानाचाच कोड पाठवत होतं. पण कंट्रोल रूममधली माणसं ओरडून सांगत होती की एफ-१४ लढाऊ विमान खाली झेपावत येतंय.

असं कसं झालं? एकामागून एक बारीक गोष्टी. ऑपरेटरने आपलं यंत्र बंदर अब्बासच्या धावपट्टीवरच रोखून ठेवलं. तिथे उभ्या लष्करी विमानाचा कोड आला आणि तो या विमानाच्या नावावर जमा झाला. टाइमटेबल पाहिलं, पण विमान उशिरा, त्यात इराणचं आणि जहाजाचं घड्याळ यांत अर्ध्या तासाचा फरक. फ्लाइट नजरेतून निसटली. रेडिओवर इशारे दिले, पण बहुतेक लष्करी फ्रीक्वेन्सीवर. प्रवासी विमानाला ती ऐकूच येत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे नंबर. यंत्रणेने विमानाला आधी ४४७४ हा क्रमांक दिला, मग मध्येच बदलून ४१३१ केला. ४४७४ गेला दूरवरच्या एका अमेरिकन विमानाला, जे खाली उतरत होतं. कॅप्टनने विचारलं ४४७४ काय करतंय, उत्तर आलं, खाली येतंय. उत्तर बरोबर, विमान चुकीचं! स्क्रीनवर उंचीचा आकडा होता, पण वर की खाली हे ठळक सांगणारं काही नव्हतं. आकडे लागोपाठ बघून ते मनातच ताडायचं.

हसू नका, पण एका प्लांटमध्ये रात्रपाळीला आम्ही दोघे पंधरा मिनिटं टाकीची पातळी उतरतेय असं समजत होतो. ती चढत होती. व्हॉल्व्ह उघडलाय असं मनात पक्कं होतं, मग आकडे तसेच दिसायला लागले. आमचं फक्त पाणी वाहून गेलं.

अमेरिकन नौदलाच्या चौकशीतही ताणाखाली नकळत माहितीचा विपर्यास झाला असावा असंच म्हटलं. जवळच्याच 'साइड्स' जहाजाच्या कॅप्टनला मात्र त्या विमानापासून धोका वाटला नव्हता. म्हणजे वेगळं दिसणं शक्य होतं. शिक्षा कोणालाच झाली नाही. उलट व्हिन्सेन्सच्या कॅप्टनला पुढे त्या जहाजावरच्या सेवेबद्दल पदक मिळालं. १९९६ मध्ये अमेरिकेने खेद व्यक्त करून नातेवाइकांसाठी ६.१८ कोटी डॉलर दिले. कमावत्या माणसाचे तीन लाख, न कमावणाऱ्याचे दीड लाख. कायदेशीर जबाबदारी मात्र मान्य केली नाही.

इराणमध्ये ही जखम अजून ओली आहे. आणि तरी ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच सैन्याने शत्रूचं समजून पाडलं. १७६ माणसं गेली, त्यांत बहुतेक इराणी. तीन दिवस तर चूक कबूलही केली नाही.

यंत्रं सुधारली. घाबरलेला माणूस आपल्याला हवं तेच वाचतो, हे काही बदललं नाही. क्रीकवर बसलो की समोरच्या होड्यांकडे बघताना त्या दहा भारतीयांचा विचार येतो. अठ्ठावीस मिनिटांत उतरून तेही इथल्या गर्दीत मिसळणार होते. असो.