टायरमधली हवा कमी झाली, हे गाडीला कसं कळतं?

डॅशबोर्डवर कधी पिवळा दिवा लागलेला पाहिलाय? घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी झाल्याचा हा इशारा असतो. अनेक गाड्यांमध्ये तो चाकाच्या आत बसवलेल्या प्रेशर सेन्सरमुळे मिळतो. या सेन्सरमधली दाब मोजणारी चिप जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते.

हा सेन्सर काम कसं करतो?

चिप सिलिकॉनची असते. तिच्या मधोमध केसापेक्षाही पातळ पडदा असतो आणि त्यामागे बंद, निर्वात पोकळी. टायरमधली हवा या पडद्यावर दाब देते आणि पडदा किंचित वाकतो. ताण पडला की सिलिकॉनचा विद्युतरोध बदलतो. बेल लॅबोरेटरीजमधले चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली हा गुणधर्म दाखवून दिला होता. रोध किती बदलला, यावरून दाब समजतो आणि तो आकडा रेडिओ लहरींमधून गाडीपर्यंत पोहोचतो. काही गाड्यांमध्ये मात्र असा सेन्सर नसतो. तिथे चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून अंदाज बांधला जातो.

हवा कमी असेल तर काय होतं?

टायरच्या बाजू जास्त दबतात, सतत वाकून गरम होतात आणि वेगात असताना टायर फुटू शकतो. अमेरिकेत २००० साली जीवघेण्या अपघातांनंतर फायरस्टोनला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि नव्या गाड्यांमध्ये ही यंत्रणा सक्तीची झाली.

असे सेन्सर आणखी कुठे असतात?

काही मोबाइलमध्ये ते हवेच्या दाबावरून उंची ओळखतात. समुद्रसपाटीजवळ १०० मीटर वर गेल्यावर दाब साधारण १२ हेक्टोपास्कलने कमी होतो. आयसीयूमध्ये रुग्णाच्या धमनीतला रक्तदाब सतत मोजण्यासाठीही ते वापरतात.

मग फक्त दिव्यावर विसंबून चालेल का?

नाही. अमेरिकेच्या नियमानुसार दाब २५ टक्क्यांनी कमी झाल्यावर दिवा लागणं बंधनकारक आहे. म्हणजे ३२ पीएसआय हवी असेल, तर २४ झाल्यावर. २७ असताना दिवा बंदच असू शकतो, पण टायर मात्र तापत असतो. म्हणून महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना हवा तपासून घ्या. हवा किती हवी, हे बहुतेक गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.