माझगावची इस्राएली शाळा : तिची मुले पुढे कुठे गेली?

जूनच्या अखेरीस आमच्या विदर्भात शाळा उघडतात. त्याआधी आम्ही शिक्षक पटनोंदणीसाठी घरोघर फिरतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका मोहल्ल्यात अशीच फिरत असताना तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी असलेल्या एका बापाने मला दारातच अडवले. म्हणाला, "आपा, सब ठीक है. लेकिन उर्दू में पढ के मेरा बच्चा आगे क्या बनेगा?"

मी नेहमीची उत्तरे दिली. मातृभाषा, तहजीब, शासनाच्या सवलती. त्याने ऐकून घेतले, चहा पाजला, आणि मुलाला दुसऱ्या शाळेत घातले. मला त्याचा राग आला नाही. त्याचा प्रश्न मात्र माझ्या पाठीमागे लागला. एखाद्या छोट्या जमातीने आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तर त्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे काय करतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्याच महाराष्ट्रातली एक शाळा भेटली. ती मुसलमानांची नव्हती. ती यहुद्यांची होती.

इस्राएल हे नाव ऐकले की आपल्या मनात आधी पॅलेस्टाइन उभे राहते. तिथल्या अन्यायाचे दुःख आपल्याला आहे आणि असायलाच हवे. पण इस्रायलचे राज्य 1948 मध्ये स्थापन झाले. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते बेने इस्राएल त्याच्या कितीतरी शतके आधीपासून कोकणात तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावे केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर. घरची भाषा मराठी. नवसाला मलिदा करण्याची रीत त्यांच्याकडेही आहे. इतकेच काय, आपल्या प्रार्थनास्थळाला ते मशीदच म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधले. ते पुढे 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले. दिवेकर इंग्रजांच्या पलटणीत होते आणि टिपू सुलतानाच्या फौजेच्या हाती सापडले होते. कैद्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले, तेव्हा टिपूच्या आईने कुरआनातल्या बनी इस्राईलची आठवण करून देऊन त्यांचे प्राण वाचवले, अशी हकीकत तो समाज पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे.

एकोणिसाव्या शतकात हा समाज कोकणातून मुंबईत आला. पलटणीत त्यांच्यातले अनेक जण सुभेदारापर्यंत चढले. पण पुढे पलटणीची रचना जातवार होत गेली आणि त्या छोट्या समाजाला बढतीची वाट उरली नाही. आता तलवार सोडून लेखणी धरणे भाग होते. मिशनऱ्यांच्या शाळा होत्या. जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्ये या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते. बेने इस्राएलांनी त्या शाळांचा फायदा घेतला, धर्म मात्र सोडला नाही. तरीही आपली मुले दुसऱ्याच्या दारात किती दिवस शिकणार, ही बोच होतीच. त्या बोचेतून हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली.

हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1874 मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. 1875 मध्ये सर सय्यद यांनी अलीगढला मदरसा उघडला, त्याचेच पुढे कॉलेज आणि विद्यापीठ झाले. म्हणजे एकाच सुमारास दोन समाजांना एकच काळजी लागली होती. आपण मागे पडलो आहोत, मुलांना नवी तालीम द्यायची आहे, पण ती देताना मुले आपली राहिली पाहिजेत.

केहिमकरांनी हा पेच कसा सोडवला, हे मला शिक्षिका म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांच्या शाळेत तीन भाषांची तीन कामे ठरलेली होती. मराठी घरची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची. इंग्रजी पोटाची आणि जगाची. हिब्रू इबादतीची आणि ओळखीची. हिब्रू हे माध्यम नव्हते, तो एक विषय होता, पण मानाचा विषय होता. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना हिब्रू घेता येत असे. त्यामुळे मुलगा हिब्रू शिकला म्हणून मॅट्रिकमध्ये मागे पडत नसे. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने या शाळेला मदत दिली. पुढे शाळा माझगावला स्थिरावली, हायस्कूल झाली, आणि 1930 च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले.

हे कदूरी कोण? बगदादचे यहुदी. बगदादला 1864 मध्ये अलायन्स या फ्रेंच यहुदी संस्थेने शाळा काढली होती, तिचे हे विद्यार्थी. ससून पेढीत नोकरी करत पूर्वेला गेले, हाँगकाँग आणि शांघायमध्ये मोठे व्यापारी झाले. ज्या शाळेने आपल्याला घडवले तिचे ऋण त्यांनी इतर शाळा उभारून फेडले. आपल्यातले किती यशस्वी लोक आपल्या जुन्या शाळेचे छप्पर गळते का हे पाहायला परत येतात?

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझगावच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे काय झाली? या समाजातली मोठी नावे पाहिली तर एक गंमत दिसते. डॉ. जेरुशा झिराड या पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या, लंडनहून एम.डी. झाल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कवी निस्सीम इझिकेल कॅथलिक शाळेत शिकले, विल्सन कॉलेजातून एम.ए. झाले. म्हणजे ही नावे समाजाच्या शाळेने घडवलेली नाहीत.

मग त्या शाळेने काय घडवले? तिने कारकून घडवले. रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, सार्वजनिक बांधकाम खात्यात नेकीने काम करणारे लोक घडवले. परिचारिका, कंपाउंडर, मास्तर आणि मास्तरणी घडवल्या. यांची नावे इतिहासात येत नाहीत. पण एका पिढीत घाण्यावरून कचेरीच्या टेबलापर्यंत आलेला समाज याच बिननावाच्या लोकांच्या खांद्यावर उभा राहतो. शाळेचे यश मोजायचे तर ते गुणवत्ता यादीतल्या एका नावाने मोजू नये, वर्गातल्या चाळिसाव्या मुलाचे काय झाले यावरून मोजावे.

आणि मोठ्या नावांपैकी एक नाव परत आले. रिबेका रूबेन याही हुजूरपागेच्याच. 1905 मध्ये त्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. पुढे इंग्लंडला जाऊन अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्यांना कुठेही मानाची जागा मिळाली असती. पण 1922 पासून 1950 पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, त्यांनी माझगावच्या इस्राएली शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. दुसऱ्याच्या चांगल्या शाळेत शिकावे आणि तिथले चांगले आपल्या शाळेत आणावे, हा त्यांचा धडा आहे.

1948 नंतर या शाळेची मुले मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. सगळे गोड नव्हते. मुंबईत टेबलावर बसणारे कित्येक जण दिमोना, बीरशेबासारख्या वाळवंटी गावांत कारखान्यांत मजूर झाले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहाबाबत शंका काढली, तुम्ही अस्सल यहुदी कशावरून, असे विचारले. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. 'तुम्ही इथले का?' हा प्रश्न काय असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आणि त्या परमुलखात त्यांनी काय काढले, तर 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक. शाळेने दिलेली मराठी समुद्र ओलांडून गेली.

इकडे माझगावच्या शाळेतले बाक रिकामे झाले नाहीत. त्यांवर आता बहुतांश मुसलमान मुले बसतात. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेत हेच घडले. कोलकात्यात 1881 मध्ये सुरू झालेल्या ज्युइश गर्ल्स स्कूलमध्येही हेच. एका जमातीने आपल्या लेकरांसाठी बांधलेली शाळा दुसऱ्या जमातीच्या लेकरांच्या कामी आली. माझ्या मते हा सदका-ए-जारिया आहे.

आता आमच्याकडे पाहू. माझ्या शाळेतून निघालेली हुशार मुलगी पुढे काय करते? ती उर्दू डी.एड. करते आणि उर्दू शिक्षिका व्हायची वाट पाहते. वर्तुळ तिथेच पूर्ण होते. 2012 नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे थांबली, तेव्हा हे वर्तुळही तुटले. आमच्या जिल्ह्यात नोकरी म्हणजे वनरक्षक, तलाठी, पोलीस शिपाई. त्यांच्या परीक्षेत मराठीचे प्रश्न असतात, आणि आमचे मूल तिथेच अडते. याचा दोष उर्दूला देणाऱ्यांशी मी सहमत नाही. उर्दू माझे दूध आहे. दोष आमचा आहे. आम्ही उर्दूकडून घरचे, पोटाचे आणि ओळखीचे, तिन्ही कामे एकटीने करून घेतो, आणि मराठीचा तास मोकळा तास समजतो.

हा लेख मी मराठीत लिहिते आहे, कारण मला कोणीतरी मराठी नीट शिकवली. यंदा पटनोंदणीला निघेन तेव्हा त्या मुन्शीच्या धाकट्या मुलीसाठी पुन्हा त्याच दारात जाणार आहे. सवलतींची यादी या वेळी वाचणार नाही. सांगेन, भाई, उर्दू ती माझ्याकडे शिकेल, आणि पहिलीपासून मराठी मी स्वतः शिकवीन. ती काय बनेल हे मला आज सांगता येणार नाही. पण कुठल्याही कचेरीच्या दारात भाषेमुळे ती अडणार नाही, याचा जिम्मा माझा.