टपालहंशील निराळे

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक जुने लाकडी कपाट आहे. त्यात संस्थापकांनी भेट दिलेली शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके आहेत. पाने पिवळी पडली आहेत, कोपरे कसरीने खाल्ले आहेत. पण मुखपृष्ठाच्या तळाशी असलेली एक ओळ बहुतेक पुस्तकांवर अजून स्पष्ट वाचता येते : किंमत अमुक आणे, टपालहंशील निराळे. कुठे नुसतेच 'ट. हं. निराळे'.

हा 'हंशील' शब्द नव्या पिढीला ठाऊक नाही. नववीच्या वर्गात विचारले तर एक मुलगा म्हणाला, "सर, ते लेखकाचं आडनाव असेल." पण हीच मुले घरी 'त्यात काय हशील?' असे आजीच्या तोंडून रोज ऐकत असतात. शब्द एकच. मूळ अरबी, अर्थ पदरी पडलेले, वसूल झालेले. त्यावरून सरकारी वसूल, जकात, भाडे, आणि शेवटी टपालाचा आकार. म्हणजे पुस्तकाची किंमत लेखक-प्रकाशकाची आणि हंशील वाहून आणणाराचे. दोन्ही वेगळे दाखवायचे हा शिरस्ता. आज घरबसल्या मोबाईलवरून वस्तू विकणारे आणि घेणारे ज्या प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात तो हाच, की वस्तूच्या किमतीवर टपाल आणि बांधणी म्हणून किती घ्यावे. या प्रश्नाला तसा मोठा इतिहास आहे.

आरंभी तर पैसे द्यायचे कोणी हेच पक्के नव्हते. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये कंपनीचे टपाल जनतेला खुले केले, तेव्हा शंभर मैलांना दोन आणे असा दर होता आणि त्यासाठी तांब्याची खास नाणी पाडली होती. पुढे १८३७ च्या कायद्याने टपाल ही सरकारची मक्तेदारी झाली, पण दर अंतरावरच राहिले. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचे पत्र पाठवायचे तर एक रुपया, आग्र्याला बारा आणे. पाठवणाराने आगाऊ भरावे अशी सक्ती नव्हती. न भरल्यास घेणाराने दारात मोजायचे.

त्याच १८३७ साली इंग्लंडात रोलंड हिल नावाच्या एका शाळामास्तराने (होय, तो आमच्याच पेशातला) टपाल सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. पत्र पोहोचवायला खरा खर्च किती येतो, हे त्याने बारकाईने मोजले. लंडनहून एडिंबरोला पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग निघाला. आकारणी मात्र शिलिंगात होत होती. टपालाचा खर्च मुख्यतः होत होता तो प्रत्येक पत्राचे अंतर मोजणे, हिशेब लिहिणे आणि दारोदार वसुली करणे यांत. कवी कोलरिजच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट वाचकांना आठवत असेल. एका खेडवळ मुलीने भावाचे पत्र उलटसुलट पाहून पैसे न देताच परत केले, कारण कोरे पत्र आले हीच खुशालीची खूण होती! गोष्ट खरी असो वा रचलेली, हंशील अन्यायाचे वाटले की लोक कसे वाट काढतात ते तीत नेमके आले आहे. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये एक पेनीचा समान दर आला आणि मे महिन्यात तिकीट आले.

आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग अंतर कितीही असो. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला दुप्पट. तेच आपले 'नॉटपेड'. माझ्या लहानपणीही पोस्टमन दारात 'नॉटपेड आहे हो!' असे ओरडला की घरात कुजबुज सुरू व्हायची, घ्यायचे की परत करायचे.

आपण सीमाभागातली माणसे, म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्या शेजारच्या कानडी बांधवांचा 'अंचे' हा शब्द इंग्रजी टपालापेक्षा कितीतरी जुना आहे. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी १६७२ मध्ये सुरू केलेली अंचे १८८९ मध्ये ब्रिटिश टपालात विलीन झाली. निजामाच्या हैदराबादची स्वतःची तिकिटे १८६९ पासून होती. इंदूरला होळकरांची १८८६ पासून, पण ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. ग्वाल्हेरने १८८५ मध्ये वेगळा करार केला. तिकिटे ब्रिटिशांचीच, त्यांवर ग्वाल्हेरचे नाव छापलेले, आणि ती हद्दीबाहेरही चालत. बडोद्याने स्वतःची तिकिटे काढलीच नाहीत. गोव्यात १८७१ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज तिकीट. बेळगावहून सावंतवाडीला जाणारे पार्सल देशी आणि म्हापशाला जाणारे परदेशी. पार्सल म्हटले की मग जकातही आलीच. मराठी वाचणारी घरे या सगळ्या हद्दींत विखुरलेली होती, आणि पुस्तके मुख्यतः मुंबई-पुण्याला छापली जात. म्हणून 'हंशील निराळे' या दोन शब्दांचा खरा भार पडला तो आपल्यासारख्यांवर. पुण्याच्या वाचकाला ते शब्द लागूच नव्हते. तो दुकानात जाऊन पुस्तक घेऊन येई.

पार्सलाची गोष्ट पत्रापेक्षा निराळी. कंपनीच्या काळात पार्सले 'बंगी' डाकेने जात. बंगी म्हणजे आपली कावड. खांद्यावरच्या बांबूला दोन्ही टोकांस टोपल्या. ती वाहणाऱ्याच्या खांद्याला वजन कळे. तेव्हा जड त्याला जास्त पैसे, यात कोणाला शंका नव्हती. भांडण लागते ते बांधणीवरून. माझी आजी मुंबईच्या आत्याला दिवाळीचा फराळ पाठवी. पत्र्याचा डबा, त्यावर मांजरपाटाचे कापड, दाभणाने घातलेली शिवण, आणि सांध्यांवर लाखेचे ठिपके. पोस्टाबाहेर पार्सले शिवून देणारा एक माणूस बसे. त्याचे पैसे वेगळे. आजी ते कधीच देत नसे. तिच्या मते दाभण घरी असताना बांधणीला पैसे देणे म्हणजे पाप!

डिसेंबर १८७७ मध्ये हिंदुस्थानात व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपालाची पद्धत सुरू झाली आणि १८८० मध्ये मनीऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून टपाल खात्याकडे आले. दुकानदार माल पाठवी, पोस्टमन दारात पैसे घेऊन पार्सल देई आणि रक्कम दुकानदाराला मनीऑर्डरने पोहोचे. अनोळखी दोन माणसांत सरकारी पोस्टमन हा मध्यस्थ. इंदूरचा कारकून आणि धारवाडचा शिक्षक पुण्याच्या प्रकाशकाशी व्यवहार करू लागले ते या मध्यस्थाच्या भरवशावर. २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे घेण्याची सोय सुरू केली तेव्हा तिचे फार कौतुक झाले. मला मात्र आमच्या गल्लीतला खाकी डगल्यातला पोस्टमन आठवला.

अर्थात व्ही. पी.त लबाडी शिरायला वेळ लागला नाही. न मागवलेला माल लोकांच्या नावे पाठवायचा, घरात बाईमाणूस किंवा म्हातारे कोणी असले तर ते भिडेपोटी सोडवून घेत. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्याच्या ३५ व्या कलमात, खरोखर मागणी आली म्हणूनच माल पाठवीत आहे असे पाठवणाराकडून लिहून घेण्याची तरतूद झाली. त्याच कलमान्वये फसवणूक आढळल्यास वसूल रक्कम रोखून घेणाराला परत देण्याचे नियम करता येत. उलट बाजूही होती. मागणी करून ऐनवेळी पार्सल नाकारणारे महाभाग काही थोडे नव्हते. जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्यावर पडे. निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी, अशी सूचना जुन्या जाहिरातींत दिसते ती याच अनुभवातून आलेली.

आमच्या घरी फसवणूक झाली ती मात्र कलमांच्या चिमट्यात न सापडणारी. साल १९८४. चुलतभावाने एका मासिकातले कोडे सोडवले. नऊ चौकटींत असे आकडे भरायचे की कशीही बेरीज केली तरी पंधराच यावी. बक्षीस ट्रान्झिस्टर, तोही मोफत! फक्त 'पोस्टेज व पॅकिंग' पासष्ट रुपये. परगावच्या कंपनीची व्ही. पी. आली. पैसे दिल्याशिवाय फोडता येत नाही, हा नियम. दादाने साठवलेले चाळीस आणि आईकडून मागून घेतलेले पंचवीस मोजले. आत प्लॅस्टिकचे रिकामे खोके, आणि वजन भरावे म्हणून घातलेली वाळूची पुडी. कंपनीने माल पाठवला होता, मागणीही खरीच होती. वस्तूची किंमत शून्य, म्हणून फसवणूक झाली असे म्हणायचे तरी कशाची? वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, बक्षिसावर हंशील असतं होय?" दादा नंतर कितीतरी दिवस आकाशवाणी लागली की उठून बाहेर जाई.

नेमकी हीच युक्ती पुढे साता समुद्रापार मोठ्या प्रमाणावर झाली. १९९५ मध्ये अमेरिकेत ईबे हा संगणकावरचा लिलाव-बाजार सुरू झाला. विक्रीच्या किमतीवर बाजाराचे कमिशन असे, टपालखर्चावर नसे. मग काही विक्रेते वस्तू एका सेंटला लावीत आणि टपाल-बांधणीचे डॉलरच्या डॉलर घेत. कमिशन बुडे, यादीत माल सर्वांत स्वस्त दिसे, आणि माल परत केलाच तर बऱ्याचदा फक्त किंमत परत मिळे, म्हणजे एक सेंट. शेवटी २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत टपालखर्च धरून एकूण रकमेवर कमिशन लावले. प्रामाणिक विक्रेतेही त्यात भरडले गेले, कारण तिकिटाच्या खऱ्या पैशांवरही कमिशन बसले.

हंशील खऱ्या खर्चापेक्षा कमी ठेवले तर काय होते, याचे गमतीदार उदाहरणही अमेरिकेतलेच. तिथे १ जानेवारी १९१३ पासून सरकारी पार्सल टपाल सुरू झाले. १९१६ मध्ये युटा राज्यातील व्हर्नल गावी बँकेची इमारत बांधायची होती. सॉल्ट लेक सिटीहून विटा मालवाहतुकीने आणण्यापेक्षा टपालाने स्वस्त पडतात असे दिसून आले. झाले! विटा बांधून बांधून पार्सलाने आल्या आणि इमारत उभी राहिली. मग खात्याने दिवसाला दोनशे पौंडांची मर्यादा घातली.

आणि 'मोफत पोहोच'? अमेझॉनने २००५ मध्ये वर्षाला ७९ डॉलर घेऊन दोन दिवसांत पोहोचवण्याची योजना काढली, तेव्हापासून पोहोच फुकट असते असा समज जगभर पसरला. हंशील वर्गणीत गेले किंवा किमतीत मुरले, एवढेच. 'निराळे' हा शब्द मात्र गेला. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी एकूण किंमत आणि तिच्यातील टपाल, हाताळणी वगैरेंची फोड दाखवणे बंधनकारक केले. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढवीत नेण्याच्या प्रकाराला अनुचित ठरवले. जुन्या प्रकाशकांनी कोणत्याही नियमाविना जे मुखपृष्ठावरच छापले होते, त्यासाठी आज राजपत्र लागते.

हे सगळे वाचायची वेळ माझ्यावर आली ती यंदाच्या पावसाळ्यात. शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका परगावच्या माजी विद्यार्थ्यांना पाठवायची होती. छापील पुस्तकांची नोंदणीकृत सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली होती. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, वर कर. पण जाहिराती असलेल्या प्रकाशनाला ते लागू नाही, आणि आमची स्मरणिका तर गावातल्या व्यापाऱ्यांच्या शुभेच्छांवरच छापलेली! म्हणून जरा महाग मार्ग धरला आणि सरसकट सत्तर रुपये टपाल-बांधणी ठरवली. एकशे बारा प्रती गेल्या.

आठवड्याने बडोद्याहून पहिल्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने मोठे. "सर, रागावू नका हं. पाकिटावर पन्नासचा आकडा आहे. वीस रुपये जास्तीचे कशाचे?" मी म्हटले, पुठ्ठा, पाकीट, चिकटपट्टी मिळून अकरा. "मग नऊ?" मी म्हटले, बघून सांगतो.

लेखनिकाला घेऊन बसलो. जवळच्या गावांचा दर कमी, लांबच्यांचा जास्त. बांधणी धरून सरासरी अठ्ठावन्न रुपये पडले होते. प्रत्येकी बारा, एकूण १,३४४ रुपये शिल्लक. समितीतले एक सदस्य म्हणाले, एवढ्यासाठी कोण विचारतोय, महोत्सव निधीत टाका. एकाने तर विचारलेच होते. शिवाय गडहिंग्लजच्या मुलाने बडोद्याच्या गृहस्थांचा भार उचलला होता तो वेगळाच. पण १८५४ च्या अर्ध्या आण्यातही तेच होते, म्हणून तेवढे सोडून दिले. बारा-बारा रुपये परत करायचे ठरले. लेखनिकाने दोन दुपार बसून मोबाईलवरून एकशे तीन जणांना पाठवले. नऊ जणांकडे ती सोय नाही; त्यांतले काही सत्तरीपुढचे माजी शिक्षक आहेत. त्यांचे पैसे शाळेच्या कीर्दीत जमा आहेत. लेखनिकाने नोंदीला नाव काय देऊ विचारले, तेव्हा मी सांगितले ते त्याने तसेच लिहिले : टपालहंशील शिल्लक, रु. १०८.