पगारातले २०० रुपये आणि एक पोचपावती

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर जरा सॅलरी स्लिप उघडा. कपातीत बहुतेकांना ‘पीटी’ दिसेल: २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर. राज्यात तो १९७५ मध्ये आला, रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. म्हणजे शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी थोडे पैसे द्यायचे.

योजनेची सुरुवात मात्र आधीची. १९६५ मध्ये विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग झाला. मागेल त्याला काम द्यायचं, बस्स. मग आला १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, तलाव खोदत होती. पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहरबानी. ते कधी सुरू होणार, कधी बंद होणार, हे सरकारच ठरवणार.

ही मेहरबानी हक्क कशी झाली? कायद्याने. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. हीच १५ दिवसांची अट पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही आली आणि अर्जाची तारखेसह पोचपावती देणंही बंधनकारक झालं.

सगळी मेख इथेच आहे. १५ दिवस मोजायचे कधीपासून? पावतीवरच्या तारखेपासून. पावती नाही, तर अर्ज केलाच नाही असं म्हणायला कार्यालय मोकळं! आपल्या भाषेत सांगायचं तर, टाइमस्टॅम्पच नाही.

दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या एका मावशींबरोबर मी नमुना ४ चा अर्ज द्यायला गेलो होतो. टेबलावरचे साहेब म्हणाले, “ठेवून जा, बघू.” मावशी लगेच उठल्या. त्या याआधी दोनदा अशाच अर्ज ठेवून परत आल्या होत्या. मी झेरॉक्स पुढे केली. “साहेब, यावर तेवढा शिक्का आणि तारीख द्या.” साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग शिक्का शोधला. अकराव्या दिवशी मावशींचं नाव मस्टरवर लागलं.

मला राग आला तो एका गोष्टीचा. मावशींच्या अर्जात काहीच कमी नव्हतं. शिक्का मागायला फक्त पॅन्ट-शर्टातला एक माणूस शेजारी लागला.

म्हणून मंडळी, कुणाला मदत करायची असेल, मग ते रेशन कार्ड असो की निराधार पेन्शन, नुसता फॉर्म भरून देऊ नका. सोबत जा. अर्जाच्या दोन प्रती न्या. शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नका. आणि पुढच्या वेळी ती पावती त्यांना स्वतःला मागू द्या, आपण नुसतं शेजारी उभं राहायचं.

भेटू पुढच्या भागात!