आळंदीचा अजानवृक्ष आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत
शके 1218 (इ.स. 1296) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे, सिद्धेश्वराच्या सान्निध्यात, संजीवन समाधी घेतली. त्या समाधीलगतचा अजानवृक्ष वनस्पतिशास्त्रात एहरेशिया लेव्हिस या नावाने ओळखला जातो. मध्यम उंचीचा आणि पानगळीचा हा वृक्ष बारीक पांढऱ्या फुलांच्या गुच्छांनी बहरतो; इतरत्र त्याच जातीला दातरंग म्हणतात.

या वृक्षाचे ऐतिहासिक मोल त्याच्या खोडाच्या वयापेक्षा सोळाव्या शतकातील एका उल्लेखात अधिक आहे. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली असून ती येऊन काढावी, असे ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितल्याचे एकनाथांच्या अभंगात येते, आणि त्यावरून समाधी व वृक्ष यांचे नाते त्या काळीच रूढ होते हे स्पष्ट दिसते. परंपरा याच आळंदीभेटीचा संबंध ज्ञानेश्वरीच्या संशोधनाशी जोडते. नकलकारांच्या हातून तीन शतकांत शिरलेले पाठभेद, म्हणजे मूळ शब्दांतील फरक, दूर करून एकनाथांनी शके 1506 (इ.स. 1584) मध्ये ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये, असेही अखेरीस बजावले. मराठीतील पाठचिकित्सेचा, अर्थात प्रती ताडून मूळ पाठ ठरविण्याचा, हा पायाच होय, आणि त्याच्या आरंभाशी एका झाडाची मुळी असावी ही गोष्ट विलक्षण आहे. आजही भाविक या वृक्षाखाली बसून ज्ञानेश्वरीचे पारायण करतात.