मिक्सर नळ पाण्याला विसण कसे घालतो?

घंगाळातील कढत पाण्यात हाताने अंदाज घेत गार पाणी ओतण्याला आपल्याकडे विसण घालणे म्हणतात. बंब गेले, गिझर आले, पण विसणाची गरज संपली नाही. शॉवरखालचा मिक्सर नळ हेच काम बंद पितळी देहात करतो. फरक एवढाच, की घंगाळात हात आधी जात असे आणि पाणी नंतर अंगावर येत असे. शॉवरमध्ये ते थेट अंगावर येते.

नळाच्या आत पाणी तापतही नाही आणि निवतही नाही. डावीकडून गरम व उजवीकडून थंड पाणी येते, दोन्ही एका पोकळीत मिसळतात आणि त्यांच्या प्रमाणावर तापमान ठरते. गिझरचे पाणी ६० अंश सेल्सियस आणि टाकीचे २० अंश असेल, तर दोन्ही समसमान घेतल्यास ४० अंशांचे, म्हणजे स्नानास सुखद पाणी मिळते.

एका दांड्याच्या नळात चिनी मातीच्या अतिशय गुळगुळीत दोन चकत्या एकमेकींवर बसविलेल्या असतात. खालची स्थिर असून तिला गरम, थंड व बाहेर जाणारे पाणी यांसाठी तीन छिद्रे असतात. वरची चकती दांड्याबरोबर सरकते. दांडा उचलला की छिद्रे उघडतात व धार वाढते. डावी-उजवीकडे फिरविला की एक छिद्र मोठे व दुसरे लहान होते. अमेरिकेतील आल्फ्रेड मोएन यांचे हात १९३७ मध्ये दोन चाव्यांच्या नळातून अकस्मात आलेल्या कढत पाण्याने भाजले आणि त्यातून त्यांना एका दांड्याच्या नळाची कल्पना सुचली. तो नळ १९४७ मध्ये विक्रीस आला. आपल्याकडील जुन्या वॉल मिक्सरमध्ये अजूनही दोन स्वतंत्र चाव्या असतात. त्यात बादली भरायची की शॉवर सुरू करायचा, हे ठरविणारा डायव्हर्टर मध्ये असतो.

मात्र या दोन्ही प्रकारांना तापमान कळत नाही. त्यांना केवळ छिद्रांचे प्रमाण ठाऊक असते, हे ध्यानात घेतले नाही तर घात होतो. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या ढाणकीचे उदाहरण घेऊ. इथल्या उन्हाळ्यात स्लॅबवरच्या काळ्या टाकीतील पाणी सहज ३५ अंशांवर जाते. हिवाळ्यात ४० अंश देणारा मधला दांडा मे महिन्यात त्याच जागी ठेवला, तर ६० व ३५ यांचे समान मिश्रण साडेसत्तेचाळीस अंशांवर पोहोचते. तेव्हा गरम पाणी जेमतेम पाचवा हिस्सा हवे. दुपारी टाकीतले पाणीच चाळिशी ओलांडते, तेव्हा दांडा पूर्ण उजवीकडे नेला तरी त्याहून गार पाणी मिळणे शक्य नसते.

दुसरा शत्रू दाबातील चढउतार. कोणी स्वयंपाकघरातील नळ सोडला की थंड पाण्याचा दाब घटतो आणि शॉवरमधील मिश्रण गरमकडे झुकते. साठ अंशांचे पाणी प्रौढाची त्वचाही सुमारे पाच सेकंदांत गंभीररीत्या भाजू शकते. लहान मुले आणि वृद्ध यांच्याबाबतीत त्याहूनही कमी वेळ लागतो. गच्चीवरचा सौर बंब तर अधिक धोक्याचा, कारण साध्या सौर बंबात तापमानाला अटकाव करणारी कळ नसते आणि कडक उन्हात तेथील पाणी साठ अंशांच्या पुढे जाते. अशा घरात बंबाच्या निर्गम नळीवरच तापमान मर्यादित करणारी मिश्रण-झडप बसवावी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर नळातच दोन उपाय योजले जातात. पहिला दाबसंतुलनाचा. आतील छोटा दट्ट्या दोन्ही बाजूंच्या दाबानुसार सरकतो. थंड पाण्याचा दाब पडला की तो गरम पाण्याची वाटही अरुंद करतो. धार बारीक होते, प्रमाण टिकते. पण गिझरचेच तापमान बदलले तर त्याला पत्ता लागत नाही.

दुसरा थर्मोस्टॅटचा. मिसळलेल्या पाण्यात मेणाने भरलेली कुपी असते. पाणी तापले की मेण वितळून फुगते, दांडीला ढकलते आणि गरम पाण्याचा मार्ग अरुंद व थंडाचा रुंद करते. निवले की स्प्रिंग तिला मागे आणते. थंड पाणी अचानक बंद पडले तर गरम पाणीही जवळजवळ थांबते. मूठ सहसा ३८ अंशांवर अडते आणि पुढे जाण्यासाठी बटण दाबावे लागते.

हा नळ उत्तम, तरी घेण्याआधी टाकीची उंची पाहावी. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो. एकमजली घरात टाकी शॉवरपेक्षा दोन-तीन मीटरच वर असते, म्हणजे पाव बारच्या आसपास. पुष्कळ थर्मोस्टॅट नळांना किमान अर्धा ते एक बार लागतो. दोन्ही पाणी एकाच टाकीतून आलेले असावे. थंडाच्या नळीवर पंप आणि गिझर मात्र टाकीवर, अशी जोडणी असेल तर थंड पाणी गरम नळीत घुसते. तिथे एकदिशा झडप हवीच. गॅस गिझरवर मिक्सरने गरम धार फार बारीक केली तर पाणी अधिक कढते किंवा ज्योत विझून एकदम गार येते. असा गिझर बंद न्हाणीघरात कधीही नसावा, त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साईड प्राणघातक ठरतो.

बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार जाळ्यांत आणि चकत्यांवर पांढरे साचतात. दांडा जड फिरू लागला किंवा बंद करूनही ठिबकू लागला, तर प्लंबरकडून आतील कार्ट्रिज बदलून घ्यावे. ती बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाची असतात. जुने बरोबर घेऊन दुकानात गेल्यास चुकीच्या मापाची फेरी वाचते.