माझा आवाज येतोय का?

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं गाव. हा खव्याचा पट्टा. पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं कुंथलगिरी याच तालुक्यात. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे माणसं बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्याला कंपनीत, तर शिकून इंजिनिअर झालेला एखादा थेट अमेरिकेला. गेलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हा इकडच्या घरांचा जुना प्रश्न. आज व्हॉट्सॲपवर कॉल लावला की माणूस समोर हजर. तरी पहिलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं: "आवाज येतोय का?"

या वाक्याला मोठा इतिहास आहे. त्यातला सगळ्यात खटपटीचा काळ १९९५ ते २००५ या दहा वर्षांतला. तेव्हा दोन घरांतले दोन कॉम्प्युटर इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला लागले. खरं तर, बोलायचा प्रयत्न करायला लागले. तुम्ही आज विशीत असाल तर त्या खटपटीची तुम्हाला कल्पना नसेल. पण तुमच्या हातातला फोन आजही प्रत्येक कॉलच्या आधी तीच खटपट गुपचूप करत असतो.

आधी थोडं मागे जाऊ. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि येणारे संदेश पकडणारं केंद्र दौंडला. म्हणजे तोंड खडकीत आणि कान दौंडात! १९३३ मध्ये इंग्लंडशी रेडिओ टेलिफोनही सुरू झाला. पुढे सत्तरच्या दशकात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं आणि आवाज सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन पुन्हा खाली यायला लागला. एकेरी प्रवासाला पाव सेकंद. दोघंही एकदम "हॅलो" म्हणायचे, मग दोघंही गप्प, मग पुन्हा दोघंही एकदम. खडकी-दौंडची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण पुढे ती कामाला येणार आहे: जाणारा आवाज आणि येणारा आवाज एकाच वाटेने जातात असं समजायचं कारण नाही.

गावाकडे टेलिफोन पोचला तो ऐंशी-नव्वदच्या दशकांत. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने धूळ, ऊन आणि बिनभरवशाची वीज सोसतील अशी छोटी ग्रामीण एक्स्चेंज बनवली. पाठोपाठ पिवळ्या पाटीची एसटीडी-पीसीओ बूथ आली. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. आत बसलेल्या माणसाची नजर लाल आकड्यांच्या मीटरवर. पण अमेरिकेला बोलायचं तर नव्वदच्या दशकात मिनिटाला ६० रुपयांच्या आसपास पडायचे. एवढ्या पैशांत तब्येत, पाऊस आणि "पैसे मिळाले का" एवढंच बोलणं व्हायचं. भांडण करणं परवडत नसे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला व्होकलटेक या इस्रायली कंपनीने 'इंटरनेट फोन' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं. कल्पना त्याहून जुनी. १९७४ मध्येच अमेरिकेतल्या अर्पानेटवर डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाजाचे तुकडे करून, ते पाकिटांत भरून पाठवून दाखवले होते. नवीन होतं ते एवढंच, की आता हे घरच्या कॉम्प्युटरवर करता येत होतं. लोकल कॉलच्या खर्चात कॅलिफोर्निया.

इथे कायदा आडवा आला. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने दूरसंचाराचा हक्क सरकारकडे ठेवला होता आणि परदेशी कॉलची मक्तेदारी व्हीएसएनएलकडे होती. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारं उघडली, पण इंटरनेटवरून टेलिफोन मात्र करू द्यायचा नाही, या अटीवर. असे कॉल करून देणाऱ्या वेबसाइट व्हीएसएनएलने अडवल्याची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली. मुलाशी फुकट बोलणाऱ्या आईला गुन्हेगार ठरवणारा हा नियम हास्यास्पद होता, यात शंका नाही. पण सरकारची बाजू पूर्ण पोकळही नव्हती. परदेशी कॉलच्या चढ्या दरातून जो पैसा यायचा, त्याच्या आधारावर स्थानिक कॉल स्वस्त ठेवता यायचे आणि तोट्यातली खेड्यांची एक्स्चेंज चालायची. म्हणजे अमेरिकेतला मुलगा फोनवर जे जास्तीचे पैसे मोजत होता, त्यातला काही वाटा ईटसारख्या गावांच्या तारेपर्यंत येत होता. पुढे २००३ ते २००८ या काळात 'ॲक्सेस डेफिसिट चार्ज' नावाने हा वाटा उघडपणे वसूल केला गेला. इंटरनेटवरच्या कॉलने हा हिशेब उधळला जाणार, हे दिल्लीतल्या बाबूंना बरोबर कळलं होतं.

१ एप्रिल २००२ ला बंदी उठली, तीही अर्धीच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोलायला परवानगी मिळाली. भारतातल्या कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनवर, हेही चाललं. पण कॉम्प्युटरवरून भारतातल्याच फोनवर कॉल? नाही. पुण्यात कॉम्प्युटर घेऊन बसलेला मुलगा गावच्या लँडलाइनवर इंटरनेटवरून फोन लावू शकत नव्हता. दोन्ही टोकांना कॉम्प्युटर हवाच. त्यामुळे हा फुकट कॉल पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या घरांना मिळाला. गावाकडच्या आईबापांना नातवाचा आवाज ऐकायचा तर शहरातल्या मुलाकडे जायचं किंवा सायबर कॅफे गाठायचा. पिवळी पाटी त्यांच्यापुरती अजून कामावर होती.

आता त्या फ्लॅटमध्ये चला. रविवारची सकाळ, अमेरिकेत शनिवारची रात्र. कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं नेटमीटिंग किंवा याहू मेसेंजर. मोडेम किरकिरत जोडला जातो, आणि पहिली पंचाईत तिथेच: घरची एकुलती एक टेलिफोन लाइन इंटरनेटने अडवलेली. आवाज येत नसेल तर फोन करून विचारायची सोय नाही! मग चॅटच्या चौकटीत रोमन लिपीतलं मराठी टाइप करायचं. ऐकू येतंय का. नाही. आता? नाही. खरखर येतेय. माइक काढून परत लाव.

दुरुस्ती माइकपासूनच सुरू व्हायची. गुलाबी भोकात माइक, हिरव्यात स्पीकर. कितीतरी कॉल या अदलाबदलीत गेले. मग आवाजाच्या खिडकीत 'म्यूट'वर बरोबरची खूण आहे का ते बघायचं. मग विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये स्वतःचं "हॅलो, हॅलो" भरून ऐकायचं. ही चाचणी साधी होती आणि फार हुशारीची होती, कारण त्यातून निम्मा प्रश्न सुटायचा: दोष घरातला की घराबाहेरचा? जुन्या साउंड कार्डांची आणखी एक खोड. ती एका वेळी एक तर ऐकायची नाहीतर बोलायची. मग वायरलेसवर पोलीस बोलतात तसं "संपलं, आता तू बोल" करायचं.

प्रतिध्वनीचा गोंधळ याहून मजेशीर. ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, तो आपलाच कॉम्प्युटर झोडत बसतो. खरा दोष पलीकडे असतो. तिकडच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज तिकडच्याच माइकमध्ये शिरतो आणि फिरून तुमच्याकडे येतो. म्हणजे त्रास तुम्हाला आणि उपाय त्याच्याकडे: त्याने हेडफोन लावायचा. हे एकमेकांना पटवून देण्यात कॉलची पहिली दहा मिनिटं सहज जायची.

तुटक आवाजाचं कारण मात्र लाइन. टेलिफोनचा साधा डिजिटल आवाज सेकंदाला ६४ किलोबिट मागतो. मोडेमची वरच्या दिशेची ताकद फार तर ३३.६ किलोबिट. म्हणून आवाज पिळून पाच-सहा किलोबिटवर आणायचा. डब्यात बसून बोलल्यासारखा ऐकू यायचा, पण माणूस ओळखू यायचा. त्यात भारनियमन. यूपीएसवर कॉम्प्युटर तगून राहायचा, पण मोडेमची वायर भिंतीतल्या साध्या सॉकेटात. पडदा चालू, आवाज गुल.

एवढं सगळं निस्तरल्यावर जो बिघाड उरायचा, तो भल्याभल्यांना कळला नाही. घंटी वाजते, पलीकडचा उचलतो, आणि मग शांतता. किंवा एकालाच ऐकू येतं, दुसऱ्याला नाही. माइक ठीक, लाइन ठीक, तरी हे कसं?

डायलअपच्या काळात प्रत्येक कॉम्प्युटरला जोडणी होताच इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता मिळायचा. हा आयपी पत्ता, चार आकड्यांचा. दर वेळी वेगळा, म्हणून तो बघून, चॅटवर पाठवून, पलीकडच्याने नेटमीटिंगमध्ये टाकायचा. किचकट, पण थेट. घराला घर जोडलेलं. नंतर ब्रॉडबँड आलं. बीएसएनएलचं २००५ च्या जानेवारीत. हळूहळू मोडेमच्या जागी राउटर आला आणि घरातल्या कॉम्प्युटरला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळू लागला. हा पत्ता घरापुरता. जगात लाखो घरांत तोच. "तिसरी खोली" असा पत्ता लिहून पत्र टाकण्यासारखं. जगातले पत्ते संपत चालले होते म्हणून १९९४ मध्ये सुचवलेली ही काटकसर: अख्ख्या वाड्याला एकच दार, दारावर एक राखणदार. आतल्या कुणी बाहेर पत्र पाठवलं की राखणदार वहीत नोंद करतो. उत्तर आलं की वही बघून त्या खोलीत पोचवतो. ज्याची नोंद नाही, असा पाहुणा दारातूनच परत.

आता दोन्ही घरांत राखणदार बसवा. दोघंही पाहुण्याची वाट बघतायत आणि दोघांच्याही दारातून पाहुणा परत जातोय. त्यात नेटमीटिंगसारखी सॉफ्टवेअर आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता पाकिटाच्या आत, चिठ्ठीवर लिहायची. राखणदार फक्त पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतली चिठ्ठी उघडत नाही. म्हणून घंटी पोचायची आणि आवाज "तिसरी खोली" शोधत हरवायचा. एका घरात राउटर असेल आणि दुसऱ्यात नसेल तर आवाज एकाच दिशेने जायचा. खडकीहून संदेश निघाला, दौंडचा कान बंद! २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या नव्या पॅकने फायरवॉल आपोआप चालू केली आणि आदल्या रविवारपर्यंत चालणारे कॉलही काही घरांत एकाएकी बंद पडले.

उपाय दोन होते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन अमुक दारं कायमची उघडी ठेवा, हा पहिला. साठीच्या काकांना फोनवरून हे करायला सांगून बघा. दुसरा उपाय जास्त चतुर. तिसऱ्या कुणाला तरी मध्ये घ्या, तो दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता सांगेल, आणि मग दोघांनीही एकाच वेळी एकमेकांना पत्र टाकायचं. दोन्ही राखणदारांच्या वहीत नोंद होते, दोन्ही दारं किलकिली होतात. नाहीच जमलं तर त्या तिसऱ्याच्याच हातून आवाज पाठवायचा.

२९ ऑगस्ट २००३ ला आलेल्या स्काइपने हे सगळं पडद्याआड नेलं. एस्टोनियातल्या प्रोग्रामरांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर चांगली जोडणी असलेल्या इतर ग्राहकांच्याच कॉम्प्युटरांना मध्यस्थ बनवायचं. तुमचा कॉल अनोळखी माणसाच्या घरातून जायचा आणि त्याला पत्ताही नसायचा. वापरणाऱ्याला फक्त हिरवं बटण दिसायचं. आयपी, राउटर, पोर्ट हे शब्द घराघरांतून नाहीसे झाले. फुकटात बोलायला मिळालं, त्या बदल्यात मधली जागा कुण्या कंपनीकडे गेली. मला हा सौदा वाईट वाटत नाही. पण तो सौदा होता हे लोकांना कळलंच नाही, याचं मात्र नवल वाटतं.

ईटसारख्या गावातल्या बहुतेक घरांनी कॉम्प्युटरचा हा टप्पा पाहिलाच नाही. पीसीओवरून ती थेट मोबाइलवर आली. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर कॉल सुरू झाले आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं. जिओचं जाळं फक्त फोरजीचं असल्याने त्यावरचा साधा फोनही इंटरनेटच्याच पाकिटांतून जाऊ लागला. १९९८ च्या नियमाला ज्याची धास्ती होती, तेच आता सरळ टेलिफोन म्हणून विकलं जातं. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं.

राखणदार मात्र आहे, आणि वाडा आणखी मोठा झालाय. मोबाइल कंपन्या आता हजारो फोनना मिळून एक पत्ता वापरायला देतात. कॉल लावल्यावर 'कनेक्टिंग' असं दिसतं त्या सेकंदा-दोन सेकंदांत तुमचा फोन बाहेरचा पत्ता विचारतो, पलीकडच्याशी एकाच वेळी दारं ठोठावतो, नाही जमलं तर मधल्या सर्व्हरची वाट धरतो. त्यातूनही एकालाच ऐकू येत असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर परत लावून बघा, राखणदार बदलतो.

आणि २०२३ च्या शेवटी व्हॉट्सॲपने सेटिंगमध्ये एक नवीन पर्याय दिला: कॉलमध्ये आयपी पत्ता लपवा. तो चालू केला की तुमचा प्रत्येक कॉल कंपनीच्या सर्व्हरमधूनच जातो. चॅटवर एकेक आकडा टाइप करून जो पत्ता रविवारी सकाळी पलीकडे पाठवला जायचा, तोच आता पलीकडच्याला दिसू नये म्हणून हे बटण आहे.